पट्टा, पनीर आणि पाव्हलॉव्ह: कुत्र्याला शिकवण्याची पद्धत निवडताना

घरात पिल्लू आलं की त्याच्या मागोमाग सल्ले येतात. शेजारचे काका म्हणतात, "सुरुवातीलाच दोन फटके द्या, आयुष्यभर ऐकेल." घरी शिकवायला येणारे ट्रेनर सर स्टीलची चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी, आणून ठेवायला सांगतात. मोबाइलवर एका व्हिडिओत कुणी क्लिकर, म्हणजे दाबला की टिक असा आवाज करणारी छोटी डबी, वाजवून खाऊ देत असतं, तर त्याच्या पुढच्याच व्हिडिओत "तुम्ही टोळीप्रमुख आहात हे त्याला दाखवून द्या" असं कुणी बजावत असतं. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या चार माणसांनी यातलं काय घ्यायचं? बहुतेक घरांत सगळ्यातलं थोडं थोडं घेतलं जातं. एक दिवस पनीर, दुसऱ्या दिवशी चपलेचा धाक. पिल्लाला यातून काहीच धड कळत नाही, कारण तीच गोष्ट केल्यावर आज काय होणार याचा त्याला अंदाजच बांधता येत नाही.

पद्धतींना नावं पुष्कळ आहेत. त्यांच्या मुळाशी प्राणी शिकतो कसा याचे मोजके नियम आहेत. ते समजून घेतले, तर समोरचा माणूस कुठल्याही नावाची पद्धत घेऊन आला तरी ती आपल्या कुत्र्याचं काय करणार आहे, हे आपलं आपल्याला ओळखता येतं.

एका वेळी दोन धडे

कुत्रा प्रत्येक प्रसंगातून दोन गोष्टी शिकत असतो.

पहिली म्हणजे, मी अमुक केलं की तमुक होतं. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1898 मध्ये मांजरांना पेटीत ठेवून हे तपासलं. ज्या हालचालीने पेटीचं दार उघडायचं, ती हालचाल मांजर दर वेळी लवकर करू लागायचं. बाकीची धडपड हळूहळू गळून पडायची. पुढे बी. एफ. स्किनर यांनी याच कल्पनेचं काटेकोर शास्त्र केलं. 1951 मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. क्लिकसारखा आवाज आणि खाऊचे तुकडे एवढ्यावर सामान्य माणूस घरच्या घरी कुत्र्याला कसं शिकवू शकतो, हे त्यात सांगितलं होतं. आज ज्याला क्लिकर ट्रेनिंग म्हणतात त्याची बीजं तिथे आहेत.

दुसरी गोष्ट भावनेची. इव्हान पाव्हलॉव्ह हे रशियन शास्त्रज्ञ खरं तर पचनाचा अभ्यास करत होते आणि 1904 चं नोबेलही त्यांना त्यासाठीच मिळालं. अन्न समोर येण्याआधीच, अन्न येणार याची खूण मिळाली तरी कुत्र्यांची लाळ गळते, हे त्यांच्या लक्षात आलं. मेट्रोनोमच्या, म्हणजे ताल मोजणाऱ्या यंत्राच्या, टिकटिकीला अन्नाची जोड दिली की काही दिवसांनी नुसती टिकटिकही पुरायची. कुत्र्याने इथे काहीच "केलेलं" नसतं. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडतात आणि पहिलीला दुसरीची भावना चिकटते.

पद्धत निवडताना लोक फक्त पहिल्या धड्याचा विचार करतात. बसायला शिकला का? ओढणं थांबलं का? दुसरा धडा मात्र कधीच बंद नसतो, आणि माझ्या मते पद्धत निवडायची ती त्याच्याकडे बघून.

एक उदाहरण घ्या. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर वर्षभराचा लॅब्रॅडॉर फिरायला येतो. समोर दुसरा कुत्रा दिसला की आनंदाने उड्या मारत पट्टा ओढतो. मालक चोक चेनला जोरात हिसका देतात. असं रोज चालतं. काही आठवड्यांनी ओढणं कमी होतं आणि घरच्यांना वाटतं, जमलं. पण तेवढ्याच दिवसांत पाव्हलॉव्हचा धडाही पूर्ण झालेला असतो: समोर कुत्रा दिसला की गळ्याला कळ येते. आधी जो आनंदाने उड्या मारायचा, तो आता दुसरा कुत्रा दिसताच ताठरतो, मग गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल पुन्हा हिसका बसतो, म्हणून गुरगुरणंही सोडतो. मग एक दिवस दुसरं कुत्रं जवळ आल्यावर सरळ चावतो आणि सगळे म्हणतात, "काही कारण नसताना, अचानक चावला." कारण होतं. इशारा देण्याची सोय आपणच काढून घेतली होती.

गुरगुरणं ही कुत्र्याने दाखवलेली सभ्यता आहे. तो चावण्याआधी सांगतोय. त्याबद्दल त्याला मारू नये. आपण दोन पावलं मागे घ्यावीत आणि तो कशाला घाबरला ते शोधावं.

शिक्षेने काम होतं का?

होतं, हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. नाहीतर एवढे लोक ती वापरत राहिले नसते. वागणं बदलायचे मार्ग चारच आहेत: चांगलं काही देणं, चांगलं काही काढून घेणं, त्रासदायक काही देणं आणि चालू असलेला त्रास थांबवणं. बसला की पनीर, हा पहिला. अंगावर उडी मारली की आपण पाठ फिरवून लक्ष काढून घेणं, हा दुसरा. हिसका, फटका, शॉक हा तिसरा. कान पिरगळून ठेवायचा आणि बसल्यावर सोडायचा, हा चौथा. चारही मार्गांनी वागणं बदलतं. फरक पडतो तो आपल्याकडून चूक झाली तर नुकसान किती, यात.

खाऊ देताना वेळ चुकली तर कुत्र्याला एक फुकटचा तुकडा मिळतो, एवढंच नुकसान. शिक्षेची वेळ चुकली तर ती भलत्याच गोष्टीला चिकटते. संध्याकाळी ऑफिसातून येऊन सकाळी केलेल्या शूबद्दल नाक घासलं, तर कुत्रा शिकतो की बाबा घरी आले की वाईट होतं. तो अपराधी चेहरा करतो असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ती भीती असते. शिवाय शिक्षा "काय करू नको" एवढंच सांगते. त्याऐवजी काय करायचं, ते त्यात कुठेच नसतं.

यावर अभ्यास झालेले आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यक रुग्णालयातल्या संशोधकांनी 2009 मध्ये वागणुकीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या मालकांना विचारलं, तुम्ही काय काय करून पाहिलंत आणि कुत्रा कसा वागला? ज्यांनी मारलं किंवा लाथ घातली, त्यांतल्या 43 टक्के लोकांवर कुत्रा उलटला होता. उताणं पाडून दाबून धरणाऱ्यांपैकी 31 टक्क्यांच्या बाबतीत हेच झालं. नुसतं डोळ्यांत डोळे घालून रोखून पाहणाऱ्यांतही हे प्रमाण 30 टक्के होतं. ही तक्रारी असलेलीच कुत्री होती हे लक्षात ठेवायला हवं. पण ट्रेनरला बोलावण्याची वेळ येते ती बहुधा अशाच कुत्र्यांवर.

2020 मध्ये पोर्तुगालमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. त्यांनी 92 पाळीव कुत्री घेतली. काही बक्षिसावर शिकवणाऱ्या शाळांतली, काही शिक्षेचा वापर करणाऱ्या. शिक्षेच्या शाळांतली कुत्री शिकताना जास्त ओठ चाटत, जांभया देत, अंग चोरत, आणि शिकवणी झाल्यावर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जास्त वाढलेलं असे. त्यानंतरचा प्रयोग तर फारच सुंदर होता. खोलीच्या एका बाजूला ठेवलेल्या वाडग्यात नेहमी खाऊ असतो आणि दुसऱ्या बाजूच्या वाडग्यात कधीच नसतो, हे कुत्र्यांना आधी शिकवलं. मग वाडगा मधोमध ठेवला. आता यात काही असेल का? बक्षिसावर शिकलेली कुत्री आशेने पुढे जात. सर्वाधिक शिक्षा होणाऱ्या शाळांतली कुत्री सावकाश जात. प्रशिक्षणाचं मैदान सोडून आल्यावरही त्यांचा जगाकडे बघण्याचा सूर बदललेला होता. आपल्या घरातल्या जिवाबद्दल हे वाचलं की माझ्या पोटात कालवतं.

गळ्याला विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याचे, म्हणजे शॉक कॉलरचे, विक्रेते म्हणतात, बोलावल्यावर हमखास परत येण्यासाठी याला पर्याय नाही. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या गटाने 63 कुत्र्यांवर हे तपासलं. बक्षिसावर शिकवलेली कुत्री हुकूम पाळण्यात शॉक कॉलरवाल्यांच्या मागे पडली नाहीत, काही बाबतींत पुढेच राहिली. वेल्सने या कॉलरवर 2010 मध्येच बंदी घातली. अमेरिकेतल्या प्राणीवर्तनाच्या पशुवैद्यकांच्या संघटनेनेही 2021 मध्ये स्पष्ट भूमिका घेतली: वागणुकीची तक्रार असलेल्या कुत्र्यांसह सर्वांसाठी बक्षिसावर आधारलेलीच पद्धत वापरा.

आता टोळीप्रमुखाची गोष्ट. ही कल्पना मुख्यतः रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 मधल्या अभ्यासातून आली. त्यांनी बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांचं निरीक्षण केलं होतं आणि ते आपसात भांडत होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी आधी हीच कल्पना आपल्या पुस्तकातून लोकप्रिय केली, पण नंतर रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर 1999 मध्ये त्यांनी लिहिलं की रानातली टोळी म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं: आईबाप आणि त्यांची पिल्लं. तिथे सिंहासनासाठी लढाई चालत नाही. आणि कुत्रा तर लांडगाही नाही. पंचवटीतल्या गल्लीतली कुत्री दिवसभर पाहिली तरी कळेल, कुणी कुणाला सतत उताणं पाडत बसत नाही. तुमचा कुत्रा सोफ्यावर चढतो तो मऊ आहे म्हणून.

"पण पोलिसांचं कुत्रं बघा, किती शिस्तीत!" हेही हमखास ऐकू येतं. स्फोटकं किंवा अमली पदार्थ शोधणाऱ्या कुत्र्यासाठी तो वास म्हणजे चेंडूच्या खेळाचा पत्ता असतो. वास सापडला की चेंडू मिळतो, म्हणून तो जिवाच्या आकांताने शोधतो. जगातल्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक काम कुत्रा खेळापायी करतो.

खाऊ दिल्याशिवाय ऐकणारच नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. खाऊ आधी दाखवून काम करून घेतलं तर ती लाच होते, आणि मग हात रिकामा दिसला की कुत्रा तोंड फिरवतो. काम झाल्यावर, लपवलेल्या डबीतून दिलं तर तो पगार होतो. सुरुवातीला प्रत्येक वेळी द्यायचं. कुत्रा दहातल्या आठनऊ वेळा बरोबर करू लागला की मध्ये मध्ये गाळायचं. खाऊच्या जागी हळूहळू त्याला हव्या असलेल्या बाकी गोष्टी आणायच्या. दारात शांत बसला की दार उघडतं. पट्टा सैल ठेवून चार पावलं चालला की त्या आवडत्या खांबाचा वास घेता येतो.

वेळेचं भान मात्र हवं. बक्षीस एकदोन सेकंदांत पोचलं पाहिजे, आणि ते नेहमी शक्य नसतं, म्हणून आधी खूण द्यायची. क्लिकर हवाच असं नाही. "छान" हा शब्द दर वेळी त्याच सुरात उच्चारून लगेच तुकडा द्या. थोड्या दिवसांत तो शब्दच कुत्र्याला सांगतो, ही जी हालचाल केलीस ना, तीच.

तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरतो. उकडलेलं चिकन, पनीर, उकडलेलं अंडं, गाजर, काकडी. घरात शाकाहार असेल तरी अडचण नाही. तेवढं जेवणातून कमी करा, नाहीतर लॅब्रॅडॉर बघता बघता फुगतो.

इथे नाशिककरांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. द्राक्षं, मनुका आणि बेदाणे कुत्र्याला कधीही देऊ नका. त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यातल्या टार्टारिक आम्लाकडे संशोधक बोट दाखवतात. किती खाल्ल्यावर बाधेल याचा भरवशाचा आकडा नाही, कारण एखाद्या कुत्र्याला थोडीशीही बाधतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिंडोरी-निफाडकडून घरोघरी पेट्या येतात आणि मुलं प्रेमाने एखादं द्राक्ष पुढे करतात. मुलांना आधीच सांगून ठेवा. खाल्लंच तर उलटी-जुलाबाची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. कांदा-लसूणही रक्ताला घातक, म्हणजे कांदा घातलेल्या भुर्जीतलं पनीर चालणार नाही. चॉकलेट तर नाहीच.

बक्षिसाची पद्धत म्हणजे मोकाट सोडणं, हा गैरसमजही काढून टाकूया. पिल्लू चपला चावतं तर चपला कपाटात जातात आणि चावायला त्याचं त्याचं खेळणं मिळतं. जेवताना भुंकून मागतं तर त्याला कुणीही काही देत नाही. मात्र इथे सावध राहा. आजवर भुंकल्यावर मिळत होतं आणि आज मिळालं नाही, तर ते आधी दुप्पट भुंकेल. लिफ्ट आली नाही की आपण बटण पुन्हा पुन्हा जोरात दाबतो, तसं. त्या क्षणी कंटाळून आजीने पोळीचा तुकडा टाकला, की ते शिकतं: थोडं भुंकून चालत नाही, खूप भुंकावं लागतं. म्हणून पद्धत घरातल्या सगळ्यांनी मिळून निवडायची असते. एक "सिट" म्हणतो, दुसरा "बस", तिसरी "खाली बस रे बाळा", असं नको. एक शब्द ठरवून फ्रिजवर लिहून लावा.

वयानुसार, भीतीनुसार

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा मेंदू नव्या गोष्टी सहज स्वीकारतो. नेमक्या याच काळात लसी पूर्ण झालेल्या नसतात आणि पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची भीती असते, म्हणून लोक त्याला घरात कोंडून ठेवतात. मधला मार्ग आहे. डॉक्टरांना विचारून त्याला कडेवर घेऊन बाहेर न्या, जमिनीवर ठेवू नका. अशोकस्तंभाजवळची रहदारी, देवळातली घंटा, रेनकोट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा. प्रत्येक गोष्ट दुरून दाखवायची आणि तोंडात एक तुकडा द्यायचा. इथे त्याने काही करायचं नाही. हा निव्वळ पाव्हलॉव्हचा वर्ग आहे.

ढोल आणि फटाक्यांचंही तसंच. नाशिक ढोल वाजायला लागल्यावर किंवा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शिकवणी सुरू करून उपयोग नाही. जूनपासून मोबाइलवर तो आवाज अगदी हळू लावा, इतका हळू की कुत्रा फक्त कान हलवेल. आवाज आला की चिकन, आवाज थांबला की चिकनही थांबलं. आठवड्यांमागून आठवडे, जरा जरा मोठा. प्रत्यक्ष दिवाळीत खिडक्या बंद, पंखा चालू आणि तुम्ही जवळ. घाबरलेल्या कुत्र्याला कुरवाळल्याने त्याची भीती वाढत नाही, निश्चिंत मनाने जवळ घ्या.

चालतंबोलतं कुत्रं एकाएकी चिडचिडं झालं, घरात शू करू लागलं, हात लावू देईना, तर ट्रेनरच्या आधी डॉक्टर गाठा. कानाचा संसर्ग, सांध्याचं दुखणं, गोचिडांचा ताप यांवर शिकवणीचा इलाज नाही. चावण्यापर्यंत गेलेल्या कुत्र्याचंही तसंच, तिथे डॉक्टर आणि वर्तनाची जाण असलेला माणूस दोघेही लागतात.

ट्रेनर पारखताना

आपल्याकडे ट्रेनर म्हणून पाटी लावायला सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे पारख तुम्हालाच करायची आहे. प्रमाणपत्रांपेक्षा एक वर्ग प्रत्यक्ष बघायला मागा, तोही आपलं कुत्रं न नेता. कुत्र्यांच्या गळ्यात काय आहे ते पाहा. ट्रेनर जवळ आल्यावर शेपटी पायांत जाते, कान मागे पडतात, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, की कुत्रं उड्या मारत त्याच्याकडे जातं? मग विचारा: "माझ्या कुत्र्याने चूक केली तर तुम्ही नेमकं काय कराल?" "करेक्शन देऊ" असं उत्तर आलं तर करेक्शन म्हणजे काय, ते आपल्या हातावर करून दाखवायला सांगा. बघू दिलं नाही, किंवा मालकाने थांबायचं नाही अशी अट घातली, तर मी तिथे कुत्रं ठेवणार नाही. मारहाण करणं, अवाजवी आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते प्रशिक्षणाच्या नावाखाली का असेना.

महिनाभर केंद्रात ठेवून "तयार" कुत्रं परत देणाऱ्यांबद्दल मला शंका आहे, ते मायाळू असले तरी. कुत्रं शिकलेली गोष्ट जागा बदलली की आपोआप लागू करत नाही. स्वयंपाकघरात शिकलेलं "बस" जिन्यात पुन्हा शिकवावं लागतं, जिन्यातलं ट्रॅकवर. तुमच्या घरात, तुमच्या आवाजावर शिकणं कुणी दुसऱ्या गावी करून देऊ शकत नाही.

ज्यांनी आजवर चोक चेन वापरली त्यांनी ती आजच काढून अंगाला नीट बसणारा हार्नेस घ्यावा, ज्याची कडी छातीवर असेल असा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर गळ्यावर दाब नकोच, त्याचा श्वास आधीच अडखळतो.

आणि एकच गोष्ट शिकवायला वेळ असेल, तर "ये" शिकवा. आपल्याकडे मखमलाबाद, पाथर्डी, देवळाली या बाजूंना बिबट्या येतो आणि कुत्रा त्याला सोपं भक्ष्य वाटतो. अंधार पडल्यावर कुत्रं मोकळं सोडूच नका. पण पट्टा हातातून सुटला, तर तुमची हाक हाच दोर उरतो. म्हणून "ये" म्हटल्यावर आलेल्या कुत्र्याला कधीही रागावू नका, तो कितीही उशिरा आला, काहीही करून आला तरी. अंघोळीला किंवा इंजेक्शनला न्यायचं असेल तर हाक मारू नका, स्वतः जाऊन आणा. घरात, मग पार्किंगमध्ये, मग लांब दोरी लावून मैदानात सराव करा. आला की सगळ्यात आवडता खाऊ द्या आणि दहातल्या नऊ वेळा पुन्हा खेळायला सोडून द्या.